मारुतीच्या वळणावर

"मूळ मालक हयात आहे, सबब गाडी नावावर होणार नाही," हा परिवहन कार्यालयाचा निर्णय घेऊन कुसुम बोडेकर अपिलाच्या टेबलासमोर बसली होती. सोबत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता, आठ महिन्यांपूर्वीचा.

"दाखला खरा आहे, ताई," शेडगे साहेब म्हणाले, "पण स्टिअरिंग चालकाचा हात ओळखतं. नामदेवरावांच्या हाताची नोंद रोज येतेय. काल सकाळचीसुद्धा आहे."

"काल जीप मीच चालवली. एकटी होते."

"तुमचीही नोंद आहे. घाटातल्या मारुतीच्या वळणावर तुम्ही एक हात सोडून नमस्कार करता का?"

"छे! खाली दरी आहे तिथं. मी दोन्ही हातांनी गच्च धरते. ते करायचे नमस्कार. मी ओरडायचे त्यांच्यावर."

साहेबांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. त्या वळणावर स्टिअरिंगवर तीन हात होते. दोन तिचे आणि एक त्यांचा, डावा.

कुसुमनं अपील मागं घेतलं. बाहेर येऊन तिनं जीपला किल्ली लावली, आणि पुढून वळसा घालून डावीकडच्या दारानं आत बसली.