पुठ्ठ्याची बैलजोडी

गंगाधररावांनी पुठ्ठ्याची जाड नळी पायाखाली दाबून धरली आणि करवतीने तिचे वीत-वीतभर लांबीचे दोन तुकडे केले. एक इरावतीला, एक अनिमेषला. सहा वर्षांच्या इरावतीने लगेच आपल्या तुकड्यावर पांढरा रंग फासायला घेतला. चार वर्षांच्या अनिमेषने आधी नळीतून आजोबांकडे नीट पाहून घेतलं. उद्या पोळा होता. रायपूरच्या बाजारात मातीचे बैल ढिगाने मिळत होते, पण नागपूरपर्यंतच्या प्रवासात ते फुटले असते. म्हणून आजोबांनी पंडरी बाजारातल्या कापडदुकानातून ताग्यांच्या रिकाम्या नळ्या मागून आणल्या होत्या.

मुलं दुपारी नागपूरला जाणार होती. पोळ्यासाठी जातोय, एवढंच त्यांना सांगितलं होतं. आता तिथेच राहायचं, हे सांगायचं काम गंगाधररावांच्या गळ्यात पडलं होतं. सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना सून, शर्मिष्ठा, खाली बघत म्हणाली होती, “बाबा, पोरांले तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून नाही निघत.”

तक्रार तरी कोणाजवळ करायची? मुलगा भार्गव गेल्यावर दोन वर्षांनी सुनेसाठी नागपूरचं स्थळ त्यांनीच शोधलं, आठ दिवसांपूर्वी कोर्टात लग्नही त्यांनीच लावून दिलं. त्यांच्या मोहल्ल्यातले, ब्राह्मणपाऱ्यातले लोक म्हणाले, म्हाताऱ्याने आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. गंगाधरराव म्हणाले, माझी सून आहे ती, धोंडा नाही. उत्तर झकास होतं, चार ठिकाणी फिरलं. आज मात्र ते त्यांच्या काही कामाचं नव्हतं.

बारीक नळीचे पाय झाले, खराट्याच्या काड्यांची शिंगं झाली. पायांखाली बाटल्यांच्या झाकणांची चाकं बसली. दोनदा गंगाधररावांनी घसा खाकरून ‘बाळांनो, आता तुम्ही’ इथपर्यंत आणलं, आणि दोन्ही वेळा पुढे शेपूट चिकटवा, डिंक कमी घ्या, असलंच काहीतरी निघालं. इरावतीने पाहणी करून सांगितलं की आजोबांच्या हातच्या बैलाचं तोंड बकरीसारखं आलंय. आजोबांनी ते कबूल केलं.

गल्लीच्या तोंडाशी शर्मिष्ठाचा नवा नवरा, पराग, गाडी घेऊन उभा होता. रायपूर राजधानी झाल्यापासून गर्दीमुळे या भागात सायकलसुद्धा धड शिरत नव्हती, पण चालत यायला पाच मिनिटं पुरे होती. तो आला नाही. आजोबा-नातवंडांना थोडा वेळ मिळावा म्हणूनच तो तिथे थांबला होता. भला माणूस होता. त्याच्यात एखादी खोट सापडती तर बरं झालं असतं, असं गंगाधररावांना वाटून गेलं आणि त्याची लाजही वाटली.

शर्मिष्ठाने गरम पाण्याने भरलेला गंज आणि लोणी-हळदीची वाटी आणून ठेवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, त्यांना लोणी-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. घरी बैल नसले तरी गंगाधरराव दरवर्षी मातीच्या जोडीचे खांदे नेमाने शेकत. वर्ध्याकडच्या शेतात लहानपणी लागलेली सवय ती. त्यांनी फडकं गरम पाण्यात बुडवलं, पिळलं आणि अनिमेषच्या बैलाच्या खांद्यावर दाबून धरलं. या खेपेला कसंही करून बोलायचंच, असं ते मनाशी घोकत होते. हात दाबतच राहिला.

“आजोबा, ये तो गत्ते का है,” इरावती म्हणाली.

त्यांनी फडकं उचललं. बैलाचा खांदा लगदा होऊन आत गेला होता आणि मान पुढे लोंबत होती. अनिमेषने भोकाड पसरलं. गंगाधरराव फुंकर घालून पुठ्ठा सुकवायला लागले, बोटाने मान वर करून धरू लागले. बोट काढलं की मान खाली. तिसऱ्यांदा मान खाली गेली तेव्हा त्यांना रडू आवरेना. नातवासमोर पुठ्ठ्याच्या बैलापायी रडणारा म्हातारा कोणी पाहिला नसेल, पण ते रडले. अनिमेष आपलं रडणं विसरून त्यांच्याकडे बघत राहिला.

इरावतीने रंगाचे हात फ्रॉकला पुसले. लोणी-हळदीची वाटी घेऊन ती आजोबांच्या मागे गेली, त्यांच्या बनियनची पट्टी बाजूला सारली आणि दोन्ही तळव्यांनी त्यांचा उजवा खांदा चोळू लागली. ही पोट्टी मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. पण दरवर्षी ऐकलेले शब्द तिला पाठ होते.

“आज आवतन घ्या,” ती म्हणाली, “उद्या जेवाले या.”

गंगाधररावांनी डोळे पुसत हसायचा प्रयत्न केला. “अवं, हे बैलाले म्हणतात. मले काहून म्हणून राहिली?”

“अब हम उधर ही रहेंगे न, आजोबा. अब तो आपको बुलाना पड़ेगा.”

दारात उभी असलेली शर्मिष्ठा तशीच आत वळली. कोणी काही सांगायचं आता उरलं नव्हतं.

अनिमेषनेही वाटीत बोटं घातली आणि तो डाव्या बाजूने आला. पण त्याचा हात खांद्यापर्यंत पोचेना. गंगाधररावांनी दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि मान आणखी खाली घातली.