वादळ्याचं टक्कल

वडिलांची बंद पडलेली कॉमिक्स कंपनी प्राजक्ताने अकोल्यात पुन्हा सुरू केली आणि चित्रकार म्हणून जुन्या देवमनकाकांनाच गाठलं. पंचवीस वर्षांपूर्वी काकांनी कुणालाही न विचारता सुपरहिरो वादळ्याला मारून टाकलं होतं. कंपनीही त्याच्यामागोमाग गेली.

आठवड्यात नवं चित्र तयार झालं. वादळ्या अकोटच्या एसटी स्टँडवरून उडत होता. टक्कल, चष्मा, पट्ट्यावर ओघळलेलं पोट.

"काका, असा हिरो कोन पाहीन? पयल्याच अंकात दुकान बंद होईन आपलं! पयल्यासारखा जवान काढा न."

"कसा काढू पोरी? आता सत्तेचाळीसचा झाला असता तो."

प्राजक्ताला हसू फुटलं.

काकांच्या पत्नी ललिताकाकू चहा घेऊन आल्या. त्यांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"टक्कल कावून काढलं जी?" त्या म्हणाल्या. "आपला सुगत मामावर गेला होता. त्याले टक्कल नसतं पडलं."