आईनं बोलावलं नाही

कौशल्याच्या डोक्यावर पदर नव्हता. रिक्षातून उतरतानाच वनमालाला ते दिसलं आणि वर्षश्राद्धाला आलेल्या माणसाचा चेहरा जसा असावा, तसा काही तिला करता येईना.

कौशल्या लग्न होऊन या घरात आल्यापासून या भावजयीचा पदर खांद्यावर आलेला वनमालाने कधी पाहिला नव्हता. विहिरीवर पाणी शेंदताना नाही, चुलीपुढे घामाने भिजताना नाही. मोकळ्या डोक्याने वावरायचं ते लेकीने, माहेरी आल्यावर. गावात लेक कोण आणि सून कोण, हे एवढ्यावरून कळायचं. आणि आता आईला जाऊन पुरतं वर्ष होत नाही, तोच ही बया उघड्या डोक्याने पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी.

“या आक्का. गुडघं कसं हायेत?”

“आहेत आपले,” वनमाला म्हणाली.

गुडघ्यांनीच घात केला होता. आधी लेकीचं बाळंतपण, मग एका गुडघ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं. आईने अंथरूण धरल्याचं कळूनही पुण्याहून माजलगावपर्यंतचा प्रवास तिला जमला नाही. आली ती थेट मातीलाच, आणि तेव्हा कुणाकडे बघायचं भान नव्हतं. आईला ऐकू येत नसल्यामुळे फोनवर बोलणंही नव्हतं. भाऊ अंगद दर वेळी एकच सांगायचा, “आई मजेत हाय आक्का. कौशल्या समदं करती.”

ते ‘समदं’ वनमालाला फार खुपायचं.

तांब्या ठेवून कौशल्या आत गेली आणि वनमाला बघतच राहिली. कमरेवर हात, डावा पाय किंचित ओढलेला. हुबेहूब आईची चाल. साठी जवळ आली की लेकी आयांसारख्या दिसायला लागतात म्हणे. वनमाला रोज आरशात वाट बघत होती. केस रंगवणं तिने त्यासाठीच सोडलं होतं. पण तिच्या वाट्याला आलं बापाचं नाक. आईची चाल मात्र उचलली परक्या घरातून आलेल्या हिने. मेलेल्या आईच्या चालीवरून कुणी जळतं का? वनमाला जळत होती.

ओसरीवर शेजारची कडूबाई उद्याच्या जेवणासाठी गहू निवडत बसली होती. वनमाला तिच्याजवळ टेकली आणि कडूबाईला तेवढंच हवं होतं.

“पदर बघितला का?” ती हळूच म्हणाली. “आज न्हाई खाली आला बरं. तुजी आई, छबुबाई, जित्या व्हत्या तवाच. आन् आत्याबाई म्हनायचं बी सोडलं. ‘आई, घास घे. आई, उठून बस.’ सासूला असं म्हनावं का? कानापाशी वरडून बोलायची, आमाला भिंतीपल्याड ऐकू यायचं.”

“आणि आई काय म्हणायची?”

“तिचा आवाज कुठला यायला! पर म्हातारी खूश व्हती. हिच्याबिगर कुनाच्या हातचं खाईना. हात धरला की सोडीना.”

वनमालाने मूठभर गहू उचलले आणि तसेच परत सुपात टाकले.

अंगद शेतावरून आल्यावर तिने त्याला बाजूला घेतलं. विचारायचं नाही, असं पुण्यापासून ठरवून आली होती. तरी विचारलंच. “मला बोलाव म्हणायची का रे आई?”

अंगदने स्वयंपाकघराकडे पाहिलं. “न्हाई.”

“एकदाही?”

“एकदाबी न्हाई, आक्का.” मग त्याला एकदम आचाऱ्याला बोलावण्याची आठवण झाली आणि तो निघून गेला.

वनमालाला रडू आलं, पण त्याहून संताप जास्त आला. ती तडक स्वयंपाकघरात गेली. कौशल्या पाटावर बसून हरभऱ्याची डाळ पाखडत होती.

“पदर कावून सोडलास गं?” रागाच्या भरात वनमालाच्या तोंडी गावचीच बोली आली. “आणि माझ्या आईला असं काय शिकवलंस, की तिला पोटची लेक आठवू नये?”

“आधी जेवून घ्या, आक्का.”

“नाही. सांग तू.”

कौशल्याने सूप खाली ठेवलं. “आत्याबाईला शेवटी शेवटी दिसत बी न्हवतं. कुनी जवळ आलं की पयलं डोकं चाचपायच्या. माझा पदर हाताला लागला की त्वांड फिरवायच्या. घासच घेईनात. येकदा न्हाऊन केस वाळवत व्हते, तशीच ताट घेऊन गेले. डोक्यावरून हात फिरवला आन् म्हनल्या, ‘वनमाला, आलीस?’”

वनमालाने दाराची चौकट धरली.

“म्या व्हय म्हनले. त्या पोटभर जेवल्या. मंग पुन्हा म्या पदर घेतलाच न्हाई. आता सवय ग्येली.”

“म्हणून तिने मला बोलावलं नाही.”

“कावून बोलवतील? तुमी व्हताच की जवळ.” कौशल्याचा आवाज कोरडा होता. “घास म्या भरवायचा आन् नाव तुमचं. तुमच्यावर लई जळले म्या, आक्का.”



“जाताना काही म्हणाली का?” वनमालाने विचारलं.

“माझा हात धरला,” कौशल्या म्हणाली. “म्हनल्या, ‘वनमाले, तूच केलंस गं माझं समदं. ती कौशल्या एकदाबी जवळ आली न्हाई.’”