तापीत सापडलेला चुनीलाल

चुनीलालच्या फुप्फुसांत पाणी नव्हतं. डॉक्टर प्रिस्किलाने पुन्हा खात्री केली. पाण्यात सापडला म्हणून बुडून मेला म्हणणं म्हणजे देवळात दिसला म्हणून पुजारी ठरवणं. ओठांच्या आत दात रुतल्याच्या खुणा होत्या. कोणीतरी उशीने तोंड दाबलं होतं आणि मग म्हाताऱ्याला तापीत सोडलं होतं.

जिभेखाली एक काळं पडलेलं पान तेवढं सापडलं. नदी काय वाट्टेल ते तोंडात भरते. नियम म्हणून तिने ते बाटलीत घालून बाटली बंद केली. ते कोणाला सांगावं असं तिला वाटलंही नाही.

बाहेर हवालदार वीरसिंग ताटकळत होता. शेजारचा भिकन सकाळपासून कोठडीत होता. पंपाच्या पाळीवरून तो परवाच चुनीलालला भर चौकात म्हणाला होता, तुला तापीत बुडवतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. आता डॉक्टर बुडून मृत्यू लिहिते की खून, यावर भिकनचा जीव टांगणीला लागला होता.

"मेल्यावर पाण्यात टाकलंय," प्रिस्किला म्हणाली.

"मग भिकनच," वीरसिंग म्हणाला आणि त्याने मान हलवली.

तिला ते पटेना. तोंडाळ माणूस खुनी असतोच असं नाही. पण अहवालात मनातलं लिहायला रकाना नसतो. तिने खरं तेच लिहायला घेतलं.

चुनीलालचा मुलगा हेमकांत व्हरांड्यात बसून होता. बातमी कळताच सुरतहून सकाळच्या गाडीने आला होता. चार महिन्यांत गावाचं तोंड पाहिलं नाही, असं त्याने जबाबात सांगितलं होतं. रडून त्याचे डोळे सुजले होते. प्रिस्किलाला त्याची मनापासून दया आली.

मृतदेह बाहेर आणला तशी चुनीलालची बायको तापीबाई पुढे आली. ती तीन दिवस लेकीकडे ब्राह्मणपुरीला होती, नवरा घरी एकटा होता. तिच्या हातात पाण्याचा तांब्या आणि तुळशीचं पान होतं. शेवटच्या घटकेला धन्याला कोणी पाण्याचा थेंब दिला नाही, तुळस दिली नाही, तो कोरड्या तोंडाने गेला, आता त्याला गती कशी मिळायची, असं म्हणत ती पायरीवर कपाळ आपटू लागली.

दाराशीच बसलेल्या प्रिस्किलाची सही अर्धी झाली होती.

हेमकांत धावला. आईचं डोकं त्याने छातीशी धरलं. तिचे हाल त्याला खरोखरच बघवेनात.

"रडू नको, माय," तो हळूच म्हणाला. "आबा कोरडा तोंडे नही गया. त्यास्नी जिभखाले तुयशीनं पान शे."