डावऱ्या गाठी

दुसऱ्या महायुद्धात, ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्या पाळणाऱ्या एका गावातल्या बायका रोज दुपारी गावच्या हॉलमध्ये जमून तोफा झाकायच्या जाळ्या विणत. भिंतीवर टांगलेल्या लांब जाळीचं एक टोक एनिडचं, दुसरं मर्लचं. डावखुरी मर्ल ऑस्ट्रेलियन लष्करात नर्स होऊन सिंगापूरला गेली, आणि सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यापासून तिची काहीच खबर नव्हती. तिच्या जागेवर कुणी बसत नसे.

एक दिवस, जाळ्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या हॉबडेबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "काय गं एनिड, डावरी झालीस की काय? त्या टोकाच्या गाठी उलट्या आल्यात."

"मी तिकडे हातसुद्धा लावला नाही हो!"

"मग काय उंदरांनी विणल्या? उकल बघू. आम्ही चहाचं बघतो."

बायका हसत स्वयंपाकघरात गेल्या. एनिडने पहिली गाठ धरली. सुतळी ओली होती. तिने बोट जिभेला लावलं, खारट लागलं. समुद्र तर या गावात कित्येकांनी पाहिलाही नव्हता.

गाठ उकलायला तिचं मन धजेना. पूर्वी कंटाळा आला की मर्ल त्या टोकाकडून जाळीला दोन हिसके द्यायची. म्हणजे, येतेस का इकडे? एनिडचा एक हिसका म्हणजे, आले.

ती आपल्या जागी येऊन बसली आणि विणू लागली. आतून कपबशांचा आवाज येत होता.

जाळीला दोन हिसके बसले.

आणि एनिडला कळायच्या आत, सवयीने, तिच्या हाताने एक हिसका दिला.