माईचा फोन

अप्पांच्या पोटातली मोठी धमनी फुगली होती. तिच्या भिंतीवर रक्ताचा मारा किती बसतोय, ते मनगटावरची पट्टी दाखवायची. पट्टी लाल झाली की घर चिडीचूप. म्हणून अप्पांची थोरली बहीण माई गेली, तेव्हा रेवतीने वडिलांना ते कळूच दिलं नाही. तिने एका यंत्राकडून माईचा हुबेहूब आवाज बनवून घेतला आणि रोज संध्याकाळी माईचा फोन येत राहिला. "त्यांना लागेल असं काही बोलायचं नाही," अशी रेवतीने यंत्राला ताकीदच दिली होती. फोनवर बोलताना पट्टी लाल व्हायची. रेवतीला वाटायचं, आनंदाने होत असेल.

भाऊबीजेला फोन आला. "औक्षवंत हो बाळा, जिवाला जप."

पट्टी लालभडक झाली. अप्पांनी फोन ठेवला.

"मला 'मेल्या' म्हटल्याशिवाय माईने कधी तोंड उघडलं नाही. कधी गेली गं ती?"

रेवतीची मान वर होईना. "आषाढात."

"म्हणजे तिचं सुतक मी श्रीखंड खाऊन काढलं."

अप्पा लहान मुलासारखे रडू लागले. रेवती घाबरून पट्टीकडे बघत राहिली.

पट्टी हळूहळू हिरवी होत होती.