आज आलेला अल्बम

आई गेल्यापासून बाबांनी गाणी ऐकणंच सोडलं होतं. म्हणून रविवारी परळच्या घरी आल्यावर जुईने हट्टाने एक इयरफोन त्यांच्या कानात घातला, दुसरा स्वतःच्या.

"ऐक ना बाबा. एकदम नवी गायिका आहे. अल्बम आज सकाळीच आलाय."

पहिली ओळ संपायच्या आतच बाबा पुढची गुणगुणायला लागले. एक शब्दही चुकला नाही.

"तुला कसं येतं हे?"

"तुझी आई म्हणायची की, भाजी निवडताना."

जुईने घाईघाईने पुढचं गाणं लावलं. बाबांना तेही येत होतं. त्यांनी हसऱ्या चेहऱ्याने तिचा हात धरला.

"आता गप्प ऐक हां. इथे ती चुकते आणि हसते."

गायिकेचा आवाज मध्येच अडखळला. आणि जुईच्या कानात तिची आई हसली.